शिलाईताईंनी चढावर धरलेली गाडी

गाडी शिकवणाऱ्या त्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. या दुसऱ्या ब्रेकवरची रबरी टोपी त्यांनी एकोणतीस वर्षांत अकरा वेळा बदलली होती. घरी जेवताना बायकोने भांडं जरा झपाट्याने पुढे सरकवलं तरी यांचा पाय जमिनीत रुतायचा. ती म्हणायची, "अहो, पातेलं आहे ते, ट्रक नव्हे."

मास्तरांच्या ब्रेकला एक घंटीही होती. पाय पडला की डॅशबोर्डखाली 'टीं' वाजायचं. ती परीक्षेसाठी बसवलेली. परीक्षकाला कळावं, की गाडी शिकणाऱ्याने थांबवली की शिकवणाऱ्याने.

हाताखालून माणसं तरी किती गेली! एक दातांचे डॉक्टर होते, ते वळण आलं की गाडीलाच समजावत, "दुखणार नाही, अजिबात दुखणार नाही." एका पहिलवानाने तर तिसरा गिअर टाकताना दांड्याची मूठच उपटली आणि अदबीने पुढे केली, "मास्तर, हे निघालं." पण एवढ्या सगळ्यांत शिष्याच्या हातून गाडीला कधी ओरखडा आला नव्हता. मास्तर हे दिवसातून एकदा तरी सांगत. ऐकायला कुणी नसलं तर गाडी पुसता पुसता गाडीलाच सांगत.

आरशामागचा तो छोटा कॅमेरा, डॅशकॅम, मुलीने बसवलेला. ती दुसऱ्या शहरात एका कारखान्यात मोजमापं तपासायच्या कामावर होती. आठ महिन्यांपूर्वी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, रस्त्यावर सगळे बघे असतात, साक्षीदार कुणी नसतो. हा असू द्या." मास्तरांच्या फोनमध्ये त्याचं ॲपही तिनेच टाकून दिलं. मास्तरांनी कॅमेऱ्यावरची धूळ रोज पुसली, पण तू काय पाहिलंस रे बाबा, असं त्याला एकदाही विचारलं नाही.

आता शिलाईताईंचं सांगायला हवं.

कोपऱ्यावरच्या एका खोलीत त्या पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवत. तीस वर्षं तेच मशीन, तीच खिडकी. यजमान पूर्वी स्वतः गाडी चालवत, आणि झकास चालवत. मग त्यांची नजर कडेने विझत गेली. समोरचं दिसे, पण बाजूचं काळं. डॉक्टरांनी एक दिवस स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून गाडी अंगणात झाकलेली. झाकण्याचं कापडही ताईंनीच शिवलेलं, आरशांना वेगळे कान काढून. दर सुट्टीच्या दिवशी यजमान ते कापड उचलत, आत बसत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत आणि अर्ध्या तासाने काही न बोलता घरात येत. हे वर्षभर पाहिल्यावर ताई मास्तरांच्या क्लासात येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, मला एकच रस्ता शिकवा. घर ते डोळ्यांचा दवाखाना. चौदा किलोमीटर. बाकीचं जग तुम्ही ठेवा."

"ताई, गाडीला एकच रस्ता येत नसतो. आले तर सगळे येतात, नाहीतर एकही नाही."

"मग सगळे शिकवा," ताई म्हणाल्या आणि चप्पल सावरून बसल्या.

वय चोपन्न. पहिले दोन दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली आणि मास्तरांची घंटी देवळातल्यासारखी वाजत राहिली. चौथ्या दिवशी एका छोट्या चढावर मात्र गंमत झाली. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणं हे भल्याभल्यांना तीन आठवडे जमत नाही. ताईंनी पाय जरासा उचलला, इंजिनाचा आवाज बदलला तसा तिथेच थांबवला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"कुठं शिकलात हे?"

"यात शिकायचं काय? जाड कापडावर सुई अडली की पायडल हाणायचं नसतं, मास्तर. पायातच धरून ठेवायचं असतं."

त्या दिवशी मास्तर घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आज पहिल्यांदा मला पाय असलेला माणूस भेटला." एकोणतीस वर्षं तिने असलं बरंच ऐकलं होतं.

दीड महिना गेला. उद्या परीक्षा, म्हणून आदल्या सकाळी मास्तरांनी ताईंना मुद्दाम पुलाखालच्या चढावर नेलं. तो चढ म्हणजे नवशिक्यांचा काळ. वर सिग्नल, खाली बोगद्यासारखा रस्ता, आणि मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत तयारच. सिग्नल लाल होता. पुढे लाँड्रीची पांढरी व्हॅन, तिच्या मागच्या दारावर मोठ्ठा सात नंबर रंगवलेला. ताईंनी तिच्यामागे अंतर सोडून गाडी थांबवली. हिरवा होणार तेवढ्यात त्यांनी हँडब्रेक सोडला आणि गाडी क्लचवर धरली. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि धप्‌!

आवाज फार नव्हता. यांच्या गाडीची पुढची नंबरप्लेट वाकली, व्हॅनचा मागचा बंपर एका कडेने सुटला. पण व्हॅनचा ड्रायव्हर खाली उतरला तो वाघासारखा.

"दिसत नाही का? डोक्यावर 'शिकाऊ' पाटी लावली म्हणजे ठोकायचा परवाना मिळाला काय?"

ताई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी हातच जोडले. "चुकलं, भाऊ. माझंच चुकलं."

"काय चुकलं?" मास्तर दार उघडून उतरले. "आमची गाडी तसूभर हललेली नाही. तूच मागं आलास!"

"वा! आपल्या ताकाला आंबट कोण म्हणेल? मास्तर तुम्ही, शिष्या तुमची, आणि मी मागं आलो?"

पदपथावरचा फळवाला समजुतीने म्हणाला, "जाऊ द्या हो, नवा हात आहे. होतं असं." झालं, निकाल लागला. शिवीने जेवढं लागलं नसतं तेवढं ताईंना ते 'नवा हात' लागलं.

"मालकाला दाखवायला कागद लागेल मला," ड्रायव्हर म्हणाला. "चार वाजता क्लासवर येतो. बाईंच्या हातून झालं, एवढं लिहून द्या."

क्लास म्हणजे एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, टेबलाला ठोकलेलं सरावाचं जुनं स्टिअरिंग, आणि फळ्यावर मास्तरांच्या हातचं मोठं अक्षर: 'गाडी उभी, चावी खिशात'. ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मी उद्या येत नाही, मास्तर."

"अहो, पण गाडी हललीच नाही! माझी खात्री आहे. माझा पाय ब्रेकवर होता ना! मी दाबून धरली होती. कशी हलेल?"

मास्तरांना वाटलं, आता बाईंचा चेहरा उजळेल. तो आणखी पडला.

"म्हणजे गाडी तुम्ही धरली. मी नाही."

"तसं नव्हे..."

"तसंच. एक तर मी ठोकली, नाहीतर तुम्ही वाचवली. दोन्हीत माझं काय? दवाखान्यात जाताना तुम्ही थोडेच शेजारी बसणार आहात? शेजारी हे असणार. आणि त्यांना बाजूचं दिसत नाही."

बोलून त्या निघून गेल्या. गाडीला दोन ब्रेक बसवता येतात, जिभेला एकही बसवता येत नाही, हे मास्तरांना साठी उलटल्यावर कळलं.

मग अकराचा विद्यार्थी आला. त्याला तासभर फिरवलं, पण लक्ष कुठलं! दुपारी नेहमीप्रमाणे मुलीचा फोन आला. बापाचा आवाज ऐकूनच तिने ओळखलं. सगळं ऐकलं आणि ओरडली, "बाबा, कॅमेरा!"

"कुठला?"

"आरशामागचा! धक्क्यानंतर गाडी किती चालली?"

"येताना पाव तास. मग अकराचा, तासभर."

"अरे देवा. कार्ड लहान आहे. जेमतेम दीड तासाचं मावतं, मग सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. झटका मोठा असला तर तेवढा तुकडा राखून ठेवतो, पण..."

"नंबरप्लेट वाकली, बस."

"मग भरवसा नको. आता गाडी हलवू नका. जागेवरच फोन वायफायने कॅमेऱ्याला जोडा आणि तो तुकडा उतरवून घ्या. लगेच."

मास्तर बाहेर गाडीपाशी आले तर समोरून ताई येत होत्या. वाहतूक नियमांचं पुस्तक परत द्यायला आल्या होत्या.

"ताई, थांबा. जे झालं ते या कॅमेऱ्यात आहे. निदान असावं. जे असेल ते बघू, मग पुस्तक द्या."

ताईंना बघायची इच्छा नव्हती. पण मास्तरांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता, म्हणून थांबल्या.

मास्तर ड्रायव्हरच्या जागी बसले. चावी एक घर फिरवली, कॅमेरा जागा झाला. फोनमध्ये वायफायच्या यादीत त्याचं नाव आलं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मालगाडीच्या डब्यावर असतात तसे. पासवर्ड मुलीने सांगितलेला, एक ते आठ. 'जोडले' असं आलं. मास्तर खूश झाले, आणि नाव गायब!

परत केलं. जोडलं. गायब. तिसऱ्यांदा तसंच.

"भूत आहे यात," मास्तर म्हणाले.

खिडकीशी वाकून बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "मास्तर, भूत नाही. तुमचा डावा हात जोडतोय आणि उजवा काय करतोय ते बघा."

मास्तरांनी बघितलं. उजवा हात चावी काढून खिशात घालत होता. गाडी उभी, चावी खिशात! एकोणतीस वर्षांची सवय. जोडणी झाली की हात आपला आपण जाई, चावी बंद, कॅमेरा बंद, वायफाय बंद. आणि प्रत्येक वेळी चावी फिरवली की कॅमेरा पुन्हा नवं लिहायला घेई, म्हणजे जुनं पुसायला घेई, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं.

चौथ्या वेळी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. जोडलं. आता फोनने विचारलं, 'या वायफायवर इंटरनेट नाही. तरीही जोडलेले ठेवायचे?' मास्तरांनी तत्काळ 'नाही' दाबलं. रस्त्यावर धोक्याची सूचना दिसली की माघार घ्यायची, हेच तर जन्मभर शिकवलेलं.

शेवटी मुलीला फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, असं करा, ते विमानाचं चिन्ह दाबा."

मास्तरांनी दाबलं. मुलीचा आवाज तिथेच तुटला. "हॅलो? हॅलो? पोरी?" मग ताईंकडे वळून, "मला विमानात बसवलं आणि ही खालीच राहिली!"

ताईंना सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी विमान उतरवलं, फोन परत लावला आणि थेट विचारलं, "बाळ, मी शिलाईताई. या फोनचं नक्की दुखणं काय आहे, ते मला सांग."

"ताई, कॅमेऱ्याचं वायफाय फक्त त्याच्या आणि फोनच्या बोलण्यापुरतं असतं. त्यात इंटरनेट नसतं. फोनला वाटतं हे बिनकामाचं आहे, म्हणून तो उडी मारून परत मोबाईलच्या नेटवर जातो."

"म्हणजे एका सुईत दोन दोरे ओवलेत. एक काढल्याशिवाय टाका कसा पडेल?"

पलीकडून मुलगी म्हणाली, "बरोब्बर! मोबाईल डेटा बंद करा, आणि विचारलं की 'ठेवा' म्हणा. आपलं बोलणं चालूच राहील. आणि कॅमेऱ्यावर लाल ठिपका लुकलुकतोय का?"

"हो."

"म्हणजे तो अजून लिहितोय! खालचं गोल बटण एकदा दाबा."

ताईंनी शेजारच्या सीटवर बसून बटण दाबलं. ठिपका थांबला. मग मास्तरांच्या हातातून फोन घेतला. सुईत दोरा ओवणारी बोटं ती, नेमकी जागेवर पडली. डेटा बंद. वायफाय. एक ते आठ. 'ठेवा'. ॲप उघडलं आणि पडद्यावर रस्ता दिसला. म्हणजे समोरची क्लासची भिंत, भिंतीवर वाळत घातलेलं मास्तरांचं पुसायचं फडकं, सगळं फोनमध्ये.

"जोडलं!" मास्तर लहान मुलासारखे ओरडले. "पोरी, ताईंनी जोडलं!"

"यादीत अगदी खाली जा. वेळ बघा."

तीन तीन मिनिटांचे तुकडे होते. ताई बोटाने यादी वर सरकवत गेल्या. राखून ठेवलेल्या तुकड्यावर असते ती कुलपाची खूण कशालाच नव्हती. कॅमेऱ्याने तो धक्का मोजण्याइतकाही मानला नव्हता. शेवटाकडे आल्या. धक्क्याच्या वेळचा, नऊ चाळीसचा तुकडा होता. त्याच्याखाली तीनच तुकडे उरले होते. आणखी नऊ मिनिटं कॅमेरा लिहीत राहिला असता तर नऊ चाळीसची पाळी आली असती. मास्तरांनी खिशाबाहेर राहिलेल्या चावीकडे अपराध्यासारखं पाहिलं.

"आधी उतरवून घ्या, मग बघा," मुलीने बजावलं. ताईंनी उतरवून घेतलं. मुलीला तेवढ्यात कामावर हाक आली. "रात्री सगळं सांगा," म्हणून तिने फोन ठेवला.

दोघांनी तो तुकडा लावला.

चढ. पुढे व्हॅन, दारावर सात नंबर. पडद्याच्या डाव्या कडेला पदपथावरचा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा खांब. सिग्नल हिरवा झाला. हॉर्न. आणि तो सात नंबर मोठा व्हायला लागला. हळूहळू, फुगा फुगावा तसा. खांब मात्र कडेला होता तिथेच. सात मोठा, आणखी मोठा, खांब तिथेच. धप्‌.

"बघा!" मास्तरांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आपण पुढं गेलो असतो तर खांब मागं सरकला असता. व्हॅनच आली मागं! मी म्हटलं नव्हतं?"

ताईंनी मान हलवली, पण चेहरा तसाच. "हो. तुम्ही धरली होती ना."

मास्तर परत लावायला गेले, आवाज वाढवून. हॉर्न ऐकू आले. ताईंचं पुटपुटणं, "धर, धर, धर." मास्तरांचं "असंच." मग धप्‌. आणि त्यानंतर, धक्क्यानंतर, 'टीं'.

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. कान फोनला भिडवला. धक्क्याआधी घंटी नव्हतीच. एवढा चढ, मागे रांग, पुढून व्हॅन अंगावर येतेय, आणि ब्रेकमास्तरांचा पाय ब्रेकवर नव्हता!

हे एकट्यालाच कळलं होतं. ताईंना घंटीचं लक्षातही आलं नव्हतं. मास्तर गप्प बसले असते तर गप्प बसता आलं असतं, आणि एकोणतीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण त्यांची छाती अशी काही भरून आली होती, की गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"ताई, मी सकाळी तुम्हाला खोटं सांगितलं."

"काय?"

"मी गाडी धरलेली नव्हती. ऐका, घंटी ऐका. धप्‌ आधी, टीं नंतर. माझा पाय पडला तोवर सगळं होऊन गेलं होतं. आणि धक्का बसला तरी खांब जागचा हलला नाही. ही गाडी एकट्या तुम्ही धरली होती, ताई. तुमच्या पायाने. मला वाटलं, मी दाबलाच असणार. मी नेहमी दाबतो. पण तुमच्या शेजारी बसून माझा पाय विसावला, आणि मला पत्ताही लागला नाही!"

ताईंनी फोन घेतला. स्वतः लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी तो पुटपुटणारा आवाज ऐकला, धर, धर, आणि पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "माझा आवाज किती घाबरलेला आहे हो."

"असू दे. पाय घाबरला नाही ना?"

चारला व्हॅनचा ड्रायव्हर आला, कागद-पेन घेऊन. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली आणि फोन दिला. त्याने बघितलं. सात नंबर फुगताना बघितला. कान लाल झाले त्याचे.

"बिलाची वही पायाशी पडली होती," तो म्हणाला. "उचलायला वाकलो. पाय सुटला असणार. गाडी मागं आली आणि तोंड पुढं गेलं माझं." मग उठून ताईंसमोर उभा राहिला. "माफ करा, ताई. उगाच बोललो."

"बंपर किती सुटलाय?" ताईंनी विचारलं.

"कडेचे दोन स्क्रू. मीच लावतो." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "एक विचारू? त्या चढावर माझी व्हॅन रोज हातभर तरी मागं येते. तुमची अजिबात कशी आली नाही?"

"त्याला मशीन चालवावं लागतं," मास्तर छाती काढून म्हणाले. "तीस वर्षं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी परीक्षा दिली. परीक्षकाने त्यांना त्याच चढावर नेलं, दोनदा थांबवलं, कागदावर खूण केली आणि म्हणाला, "उतरा. झालं." ताईंना वाटलं नापास. मास्तर शेजारी बसूनही घंटी एकदाही वाजली नव्हती, हे परीक्षकाने तोंडाने सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला मास्तरांना फोन आला. ताईंचे यजमान होते, दवाखान्याच्या बाकावरून बोलत होते.

"मास्तर, आलो बरं का आम्ही. हिने आणलं."

"वाटेत काही त्रास?"

"छे! तुमच्या पुलाच्या चढावर थांबलो होतो. मला बाजूचं दिसत नाही, पण गाडी जराही मागं सरकली तर पोटात कळतं माणसाला. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. काही कळलंच नाही हो! सुरू कधी झाली तेही कळलं नाही. मी वीस वर्षं चालवली, पण अशी मला कधी नाही जमली."

मास्तरांनी फोन ठेवला. अकराचा विद्यार्थी दारात उभा होता. त्याला त्या दिवशी उलटी गाडी घ्यायला शिकायचं होतं. तो तासभर खुर्चीवर बसून मास्तरांच्या फोनमधला तो काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा खांब पुन्हा पुन्हा बघून घरी गेला.